धुके पाण्यात नव्हते, काचेवर होते



गरम चहाचा कप तोंडाजवळ नेला की चष्म्यावर वाफ धरते. आपण चष्मा काढतो, पदराने किंवा सदऱ्याच्या टोकाने पुसतो आणि चहा पितो. एवढ्याशा वाफेपायी कोणी रडेल असे आम्हाला कधी वाटले नव्हते. पण आमची भाची रडली. म्हणून आजचा हा विषय.

आमची थोरली बहीण तेरला दिलेली. धाराशिव जिल्ह्यातले तेर हे तेरणाकाठचे फार जुने गाव. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात तेरचा उल्लेख ‘तगर’ या नावाने येतो. येथला माल तेव्हा गाड्यांतून भडोचच्या बंदराला जात असे. म्हणजे एके काळी या गावाचे समुद्राशी नाते होते. आता मात्र समुद्र म्हटला की गावातले लोक दूरदर्शनकडे बोट दाखवतात. मुलूख कमी पावसाचा. शेजारच्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपणास आठवत असेलच. अशा मुलखातली पोर समुद्राच्या पोटात शिरून पाहणार, हे ऐकूनच आम्हाला बरे वाटले होते.

भाची तेरच्या शाळेत शिकली, पुढे लातूरला शिकली आणि आता पुण्यात नोकरी करते. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली आहे, त्यामुळे पाण्याचे भय तिला नाही. गेल्या जानेवारीत ती ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर मालवणला गेली. मालवण-तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग चालते. पाठीवर हवेची टाकी, तोंडात हवेची नळी आणि डोळ्यां-नाकावर काचेचा मास्क घालून पाण्याखाली जायचे, असा तो प्रकार. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची तारकर्लीला या विद्येची प्रशिक्षण संस्थाही आहे. नवख्या माणसाला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात जाणकार माणूस धरून नेतो. दुसऱ्यांनी वापरलेला मास्क नको म्हणून भाचीने पगारातले पैसे बाजूला टाकून स्वतःचा कोरा मास्क घेतला होता. नव्या वस्तूला काय करायचे असते? पिशवीतून काढला आणि घातला.

पाण्यात उतरून अर्धा मिनिट झाला नसेल, तोच तिच्या डोळ्यांपुढे सगळे पांढरे झाले. तिला वाटले, आपल्याला भोवळ आली. मग वाटले, समुद्राचे पाणीच गढूळ आहे. तिने काच बाहेरून पुसली, काही फरक पडला नाही. घाबरून मास्कची कड बोटाने उचलली, तसे खारे पाणी आत शिरले आणि नाकात गेले. तिला धरून नेणाऱ्या माणसाने लगेच सांभाळून वर आणले. इजा काही झाली नाही. मैत्रिणी मात्र पाण्यातून वर येऊन रंगीत माशांच्या गोष्टी सांगत होत्या आणि ही होडीत एका कडेला गप्प बसली होती. रात्री फोनवर रडत म्हणाली, ‘‘मामा, समुद्र आपल्यासारख्यांचं काम नाही. दुष्काळी गावची माणसं आपण.’’

हे वाक्य आम्हाला बोचले. आम्ही जन्मभर शाळेत विज्ञान शिकवले. गणित चुकले की ‘मला गणित येतच नाही’ म्हणणारी मुले आम्ही पुष्कळ पाहिली. चूक एका पायरीत असते आणि पोर दोष देते स्वतःच्या जन्माला. पुढच्या महिन्यात आम्ही तेरला गेलो तेव्हा भाचीही सुट्टीवर आली होती. आम्ही म्हणालो, ‘‘तो मास्क आण, एक बादली पाणी आण आणि घरातली टूथपेस्ट आण.’’

आधी तिला एक प्रश्न विचारला. मास्क लागतोच कशाला? विहिरीत बुडी मारून डोळे उघडले तर दिसत नाही का? दिसते, पण अंधूक. डोळ्यात शिरणारा प्रकाश हवेतून डोळ्याच्या पुढच्या पडद्यावर येतो तेव्हा नीट वळतो आणि चित्र स्पष्ट उमटते. पाणी आणि तो पडदा यांचा गुणधर्म जवळजवळ सारखा असल्याने पाण्यात प्रकाश तेवढा वळत नाही. म्हणून डोळ्यापुढे हवेचा एक कप्पा ठेवावा लागतो. मास्क म्हणजे हा हवेचा कप्पा. त्यातून पाहताना वस्तू खरी असते त्याहून जवळ आणि सुमारे एकतृतीयांश मोठी दिसते. या कप्प्यात नाकही घ्यावेच लागते. दहा मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. तो मास्कला चेहऱ्यावर दाबू लागतो. नाकाने थोडी हवा आत सोडली की आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. पोहण्याच्या साध्या गॉगलमध्ये नाक नसते, म्हणून तो खोल पाण्यात चालत नाही.

आता पाहा, हवेच्या त्या बंद कप्प्यात आपले नाक आहे, गरम गाल आहेत, घाम आहे. आपले अंग ३७ अंशांचे. समुद्राचे पाणी त्यापेक्षा गार आणि काच त्या पाण्याला टेकलेली. आतली ओलसर ऊबदार हवा गार काचेला लागली की तिच्यातल्या वाफेचे पाणी होते. भाताच्या झाकणाखाली जमते तेच हे पाणी. म्हणजे ते धुके समुद्राने पाठवलेले नव्हते. ते भाचीच्याच श्वासाचे होते आणि काचेच्या आतल्या बाजूला होते. बाहेरून कितीही पुसले तरी ते जाणार कसे?

‘‘पण मामा, मैत्रिणींचा श्वासही गरमच होता ना? त्यांना कसं दिसलं?’’ भाचीने विचारले. प्रश्न बरोबर होता. आम्ही उत्तर देणार, तोच ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली तिची आजी म्हणाली, ‘‘गुरुजी, तेलकट ताटावर पाणी कसं राहतं? थेंब थेंब. राखेनं घासलं की समदीकडं पसरतं. तसंच नव्हं का हे?’’

वाचकहो, आम्ही वर्गात फळाभर लिहून जे सांगितले असते, ते आजींनी दोन वाक्यांत सांगितले. आयुष्यभर भांडी घासलेल्या हातांना हे ठाऊक असते. वाफेचे पाणी कोणत्याही गार काचेवर जमणारच. काच स्वच्छ असेल तर ते पातळ थर होऊन पसरते आणि त्यातून आरपार दिसते. काचेवर तेलकटपणा असेल तर तेच पाणी बारीक बारीक थेंबांच्या रूपाने उभे राहते. प्रत्येक थेंब प्रकाश इकडे-तिकडे फेकतो आणि सगळे पांढरे दिसते. धुके म्हणजे पाणी नव्हे, न पसरलेले पाणी.

कोऱ्या मास्कवर तेलकटपणा कोठून आला? मास्कची चेहऱ्याला चिकटणारी मऊ कड सिलिकॉनची असते. कारखान्यात घडताना या सिलिकॉनचा आणि साच्याला लावलेल्या द्रव्याचा अदृश्य पापुद्रा काचेवर बसतो. डोळ्यांना मास्क लख्ख दिसतो, प्रत्यक्षात त्याची काच तेलकट ताटासारखी असते. जुने, पुष्कळदा घासलेले भाड्याचे मास्क त्या दिवशी स्वच्छ होते आणि भाचीचा नवा कोरा मास्कच धुके धरणारा होता. दोष तिच्या गावाचा नव्हता, धैर्याचाही नव्हता. नवी वस्तू आधी धुवायची असते हे तिला कोणी सांगितले नाही आणि तिनेही संकोचाने कोणाला विचारले नाही, एवढेच.

मग आम्ही प्रयोग केला. मास्कला दोन डोळ्यांच्या दोन वेगळ्या काचा होत्या. डावी काच आतून टूथपेस्टने घासली, उजवी तशीच ठेवली. दोन्हींवर पाणी ओतून पाहिले. उजवीवर थेंब उभे राहिले, डावीवर पाणी पसरले. मग बादलीत माठातले गार पाणी ओतले, मास्कची काच बाहेरून पाण्याला टेकवली आणि भाचीला आत तोंडाने हा हा करून श्वास सोडायला सांगितले. उजवी काच क्षणात पांढरी झाली. डावीतून बादलीचा तळ दिसत होता. भाची काही बोलली नाही. तिने टूथपेस्ट उचलली आणि उजवी काच घासायला बसली.

ज्यांच्या घरातली मुले-मुली मालवणला, गोव्याला किंवा आणखी कोठे समुद्रात उतरणार असतील, त्यांच्यासाठी ही कृती क्रमवार देतो.

पहिली गोष्ट, नवा मास्क घरीच घासावा. साधी पांढरी टूथपेस्ट घ्यावी, पारदर्शक जेल किंवा खरखरीत दाण्यांची नको. मास्क कोरडा असताना बोटाने काचेच्या आतल्या बाजूला, कडांच्या कोपऱ्यांपर्यंत, चार-पाच मिनिटे चोळावी. थोडा वेळ तशीच राहू द्यावी, मग भरपूर पाण्याने धुवावी. पाणी सगळीकडे पसरू लागेपर्यंत हे दोन-तीनदा करावे. टूथपेस्टमध्ये अतिशय बारीक घासणारी पूड असते. आजींच्या राखेचेच काम ती करते. खरी राख मात्र वापरू नये. तिच्यातल्या खड्यांनी काचेवर ओरखडे पडतील आणि ओरखड्यांत पुन्हा घाण बसेल.

दुसरी गोष्ट, हे घासणे फक्त काचेसाठी आहे. काच प्लॅस्टिकची असेल किंवा तिच्यावर धुके न धरणारा लेप आधीच दिलेला असेल तर पेस्ट लावू नये, ओरखडे पडतील आणि लेप जाईल. मास्कसोबतचा कागद आधी वाचावा. काही जण काडेपेटीच्या किंवा लायटरच्या ज्योतीने आतला पापुद्रा जाळतात. आमचे सांगणे असे की घरी हा उद्योग करू नये. सिलिकॉनची कड जळते, काच तडकते आणि मास्क कायमचा वाया जातो.

तिसरी गोष्ट, पेस्टने घासून काम संपले असे नाही. प्रत्येक बुडीच्या आधी काचेला आतून पातळ लेप द्यावा लागतो. लहान मुलांचा शाम्पू पाण्यात पातळ करून त्याचे दोन थेंब कोरड्या काचेवर आतून पसरावेत आणि एकदाच हलकेसे खंगाळावे. नंतर काचेला आतून बोट लावू नये. बोटाचे तेल लागले की केलेले काम वाया. डोक्याचे तेल, तोंडाची क्रीम यांचेही तसेच. उतरण्याआधी मास्क कपाळावर चढवून उन्हात बसू नये; कपाळाच्या उष्णतेने आणि घामाने काच तिथेच धुके धरू लागते.

पाणबुड्यांचा सर्वांत जुना लेप मात्र शाम्पू नव्हे, थुंकी आहे. काचेवर आतून थुंकायचे, बोटाने पसरायचे, समुद्राच्या पाण्यात एकदा बुचकळायचे. लाळेतली द्रव्ये पाण्याला पसरवतात. हे ऐकून आजींनी तोंड वाकडे केले. आम्हाला मात्र दुसरेच आठवले. पेशवाईच्या पुण्यात आपल्या पूर्वजांना गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, जमिनीवर पडलेल्या थुंकीने कोणी विटाळू नये म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ते नोंदवून ठेवले आहे. आणि आज जगभरचे पाणबुडे, कोणत्याही देशाचे आणि कोणत्याही कुळाचे, तीच थुंकी काचेला चोळून समुद्रात उतरतात. काचेला कोणाची लाळ उच्च-नीच वाटत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. भाड्याचा मास्क अनेकांच्या तोंडाला लागलेला असतो, लाळेतून रोग पसरतात, म्हणून तो साबणाच्या पाण्याने धुऊनच घालावा आणि त्याला शाम्पूच वापरावा. ही आरोग्याची काळजी झाली. ती सर्वांना सारखी लागू होते. विटाळ माणूस पाहून लागू होत असे, हा त्यातला फरक मुलांना जरूर सांगावा.

चौथी गोष्ट पाण्याखालची. श्वास तोंडातल्या नळीनेच घ्यावा आणि सोडावा. नाकाने सारखा श्वास सोडला की काचेवर वाफ वाढते. एवढे करूनही धुके आलेच तर घाबरून मास्क ओढू नये. मास्कची कड किंचित सैल करून थोडेसे पाणी आत घ्यावे, मान खाली करून ते काचेवर फिरवावे. मग मास्कची वरची कड कपाळावर दाबून, वर पाहत नाकाने जोरात हवा सोडावी. पाणी खालून निघून जाते. भाचीने त्या दिवशी नेमके हेच केले होते, फक्त न शिकता केले होते. म्हणून हे आधी कंबरभर पाण्यात शिकून घ्यावे आणि शिकवल्याशिवाय उतरणार नाही असे स्पष्ट सांगावे. आणखी एक. पाण्याखाली अंगठा वर करणे म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. छान म्हणायचे तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करावा. काही बिघडले असेल तर पंजा आडवा धरून हलवावा आणि जिथे बिघडले तिकडे बोट दाखवावे. एक नियम तर कधीच मोडू नये: टाकीची हवा घेताना श्वास रोखून धरायचा नाही आणि एकदम वर झेप घ्यायची नाही. वर येताना छातीतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. दमा, सर्दी किंवा कानाचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

काचेवरची ही वाफ केवळ भाचीलाच नडली असे समजू नका. जून १९६६ मध्ये जेमिनी-९ या यानातून यूजिन सर्नन हा अमेरिकी अंतराळवीर बाहेर अवकाशात निघाला. काम जड पडले, त्याला घाम फुटला आणि शिरस्त्राणाची काच आतून धुक्याने भरली. हाताने पुसता येईना. नाकाच्या शेंड्याने काच पुसून केलेल्या छोट्या जागेतून पाहत त्याला परतावे लागले. त्यानंतर अशा काचांना आतून धुके न धरणारा साबणासारखा द्राव लावू लागले. पण २००१ साली ख्रिस हॅडफिल्ड हा कॅनडाचा अंतराळवीर यानाबाहेर काम करत असता त्या द्रावाचाच अंश त्याच्या डोळ्यात गेला. डोळे झोंबले, अश्रू आले आणि वजनरहित अवस्थेत ते खाली पडेनात. काही काळ त्याला काहीच दिसेना. म्हणून आम्ही वर लिहिले की शाम्पू पातळ घ्या आणि खंगाळा.

घरच्या वाचकांनाही याचा उपयोग आहे. २०२० साली कोरोना आला आणि तोंडाला कापडी मास्क लावणाऱ्या प्रत्येक चष्मेवाल्याने ही वाफ अनुभवली. शल्यचिकित्सकांना ती पूर्वीपासून छळत होती. इंग्लंडच्या शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात २०११ सालीच तिच्यावरचा उपाय छापून आला होता: चष्मा साबणाच्या पाण्याने धुवा, पाणी झटका आणि तसाच वाळू द्या. उपाय तोच, कारण कारण तेच. आजींचे ताट, सर्ननचे शिरस्त्राण, डॉक्टरचा चष्मा आणि भाचीचा मास्क, चारही ठिकाणी पाणी एकाच नियमाने वागते.

भाची एप्रिलमध्ये पुन्हा मालवणला गेली. पावसाळ्यात समुद्र बंद होतो, त्याआधी जायचे म्हणून. या वेळी तिने उतरण्याआधी विचारून घेतले, मास्कमधले पाणी काढायचे उथळ पाण्यात तीनदा करून पाहिले आणि मगच खाली गेली. संध्याकाळी तिचा फोन आला. आम्ही विचारले, ‘‘काय गं, धुके आले का?’’

ती म्हणाली, ‘‘आलं होतं मामा, उजव्या काचेत नाकाजवळ थोडंसं. पण कशानं येतं ते ठाऊक होतं. पाणी घेतलं, फिरवलं, काढून टाकलं. मग दिसले पट्ट्यापट्ट्यांचे मासे. आजीला सांगा, ताट घासून घेतलं होतं म्हणून.’’

आम्ही आजींना सांगितले. त्या तांदूळ निवडत म्हणाल्या, ‘‘मग? घासल्याबिगर कुठं काय दिसतं?’’

तुमच्या घरात कोणी ‘हे आपल्यासारख्यांचे काम नाही’ म्हणून परत आले असेल तर त्याच्यावर रागावू नका, त्याची समजूतही घालू नका. त्याच्यापुढे बादलीभर पाणी ठेवा आणि नेमके काय झाले ते विचारा. बहुतेक वेळा एखादी काच घासायची राहून गेलेली असते.